जाळून राखलेले रान

किल्ल्याच्या तटातून उगवलेला पिंपळ आपण सर्वांनीच पाहिलेला आहे. सुरुवातीला ते दोन-चार पानांचे रोप असते. कोणी लक्ष दिले नाही, तर पाच-दहा वर्षांत त्याची मुळे चिऱ्यांच्या सांध्यात शिरतात आणि शेवटी तट ढासळतो. म्हणून ज्यांना किल्ला जपायचा असतो, ते अशी रोपे वेळच्या वेळी मुळासकट काढतात. जपणे म्हणजे हात न लावणे नव्हे, हे वास्तूंच्या बाबतीत आपल्याला सहज पटते.

पण जपायचे आहे ती एखादी वास्तू नसून सबंध खोरेच असेल तर? नदी, कुरणे, झाडे, डोंगरकडे हे सगळे मिळून झालेले एक ऐतिहासिक निसर्गदृश्य कसे जपायचे? तेथे तर आपल्याला वाटते की कुंपण घालावे, कुऱ्हाड आणि आग दूर ठेवावी, बाकीचे निसर्ग पाहून घेईल. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात योसेमिटी नावाचे खोरे आहे. तेथे जवळजवळ शंभर वर्षे नेमके हेच केले गेले. परिणाम असा झाला की जे जपायचे होते तेच नाहीसे होऊ लागले. या चुकीचा उलगडा कसा झाला आणि आग लावणे हेच जपणुकीचे साधन कसे ठरले, त्याची ही हकिगत आहे.

जुनी छायाचित्रे काय सांगतात?

योसेमिटीचे खोरे सुमारे अकरा किलोमीटर लांब आणि जेमतेम दीड किलोमीटर रुंद आहे. दोन्ही बाजूंना ग्रॅनाइटचे उभे कडे, मधून वाहणारी मर्सेड नदी आणि कड्यांवरून कोसळणारे धबधबे. १८६१ साली कार्लटन वॉटकिन्स हा छायाचित्रकार खेचरांवर सामान लादून येथे आला. त्या काळी छायाचित्रासाठी काचेच्या मोठमोठ्या जड पट्ट्या न्याव्या लागत. त्याने काढलेली छायाचित्रे पूर्वेकडील शहरांत पोहोचली आणि लोक थक्क झाले. पुढे ३० जून १८६४ रोजी, यादवी युद्ध चालू असतानाच, राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी एका कायद्यावर सही केली. हे खोरे आणि जवळची मॅरिपोसा ग्रोव्ह ही महावृक्षांची राई कॅलिफोर्निया राज्याच्या स्वाधीन करून कायमची जनतेसाठी राखून ठेवली गेली. १८९० मध्ये भोवतालच्या प्रदेशाचे राष्ट्रीय उद्यान झाले आणि १९०६ मध्ये खोरेही त्यात सामील झाले.

आता गंमत पाहा. वॉटकिन्स जेथे उभा राहिला होता, त्याच जागी उभे राहून विसाव्या शतकात पुन्हा छायाचित्रे घेतली गेली. कडे तेच, नदी तीच. पण जुन्या चित्रात जेथे मोकळे कुरण आणि त्यात विखुरलेले डेरेदार ओक दिसतात, तेथे नव्या चित्रात पाइन व सीडरची दाट भिंत उभी आहे. काही ठिकाणी तर धबधबाच झाडांआड गेला आहे. १८६० च्या दशकातील पाहणीत खोऱ्यात सुमारे ७५० एकर कुरणे होती. पुढे त्यातली निम्मीही उरली नाहीत.

हा बदल प्रथम लक्षात आला तो गेलन क्लार्क यांच्या. ते या राखीव क्षेत्राचे पहिले रक्षक. १८९४ साली त्यांनी अधिकाऱ्यांना एक पत्र लिहिले. त्यात ते म्हणतात की, आपण १८५५ मध्ये प्रथम येथे आलो तेव्हा खोऱ्याच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत दृष्टी अडत नव्हती आणि मोकळी कुरणे आताच्या निदान चौपट होती. कारणही त्यांनी दिले होते. येथले मूळ रहिवासी दरवर्षी रान पेटवीत. ते गेले, जाळणे थांबले आणि झाडोरा माजला.

कुरण कोणी राखले होते?

हे मूळ रहिवासी म्हणजे आवानीची लोक. ओकची फळे हे त्यांचे मुख्य अन्न. ती वाळवून, कुटून, पाण्याने धुऊन कडवटपणा काढायचा आणि पिठाची लापशी करायची, अशी त्यांची रीत होती. या दृष्टीने तेथला काळा ओक फार मोलाचा. पण या ओकला भरपूर ऊन लागते. त्याच्याभोवती पाइन-सीडरची रोपे वाढू दिली, तर पन्नास-साठ वर्षांत ती त्याच्या डोक्यावर जातात आणि सावलीत ओक मरतो. आवानीची लोक शरद ऋतूत वाळलेले गवत व पाचोळा पेटवून देत. ही आग बुटकी आणि जलद पुढे सरकणारी असे. तिच्यात सूचिपर्णी वृक्षांची कोवळी रोपे जळत, मोठ्या ओकना फारशी इजा होत नसे. जमीन स्वच्छ झाल्यामुळे फळे वेचणे सोपे जाई. नव्याने फुटलेल्या सरळ, लवचीक काड्या टोपल्या विणण्यास उपयोगी पडत. कोवळ्या गवतावर हरणे येत.

म्हणजे ज्या दृश्याला पाहुण्यांनी निसर्गाची अस्पर्श निर्मिती म्हटले, ते वास्तविक पिढ्यान्‌पिढ्यांच्या मेहनतीने राखलेले रान होते. आपल्याकडे एखादी देवराई पाहून ती आपोआप राहिली असे कोणी म्हणत नाही, तसेच हे.

१८५१ च्या मार्चमध्ये सोन्याच्या शोधात आलेल्या गोऱ्या वसाहतवाल्यांची पलटण या खोऱ्यात शिरली आणि तिने आवानीचींना हुसकून लावले. त्यांच्या तेनाया या प्रमुखाची नात तोतुया तेव्हा लहान मुलगी होती. १९२९ साली, अठ्ठ्याहत्तर वर्षांनी, म्हातारपणी ती खोऱ्यात पुन्हा आली. जगभरचे पर्यटक ज्या दृश्याची वाखाणणी करीत होते, ते पाहून तिने मान हलवली. रान फार घाण झाले आहे, झुडपांनी भरले आहे, अशी तिची तक्रार होती. घर बरेच दिवस झाडले नाही म्हणजे घरची मालकीण जसे म्हणेल, तसेच ते बोलणे होते.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. कुरणे आटण्याचे कारण केवळ आग थांबणे हेच नाही. १८७९ मध्ये खुद्द क्लार्क यांनीच नदीतील हिमनदीच्या गाळाचा एक नैसर्गिक बांध सुरुंगाने फोडला होता. त्यामुळे नदीची पातळी उतरली आणि ओलसर कुरणे कोरडी पडू लागली. नांगरट, चराई, रस्ते यांचाही हातभार लागला. इतिहासात एका परिणामाला एकच कारण क्वचित असते, हे विद्यार्थ्यांना सांगायला हे उदाहरण चांगले आहे.

आगीविरुद्धचे युद्ध

मग क्लार्क यांचे म्हणणे कोणी ऐकले का नाही? याला कारण त्या काळचे वातावरण. ऑगस्ट १९१० मध्ये आयडाहो आणि मोंटाना राज्यांत भयंकर वणवा पेटला. दोन दिवसांत सुमारे तीस लाख एकर जंगल जळाले आणि ऐंशीहून अधिक माणसे मेली. त्यांतले बहुतेक आग विझवणारेच होते. नुकत्याच स्थापन झालेल्या अमेरिकन वनसेवेच्या मनावर या घटनेचा खोल परिणाम झाला. आग म्हणजे शत्रू, असे समीकरण पक्के झाले.

कॅलिफोर्नियातले काही जमीनमालक म्हणत होते की, आदिवासींप्रमाणे अधूनमधून हलकी आग लावू द्या, म्हणजे मोठी लागणार नाही. वनाधिकाऱ्यांनी या सूचनेची टवाळी केली. तिला ‘पायूट वनशास्त्र’ असे हिणकस नाव दिले. पायूट ही तेथली एक आदिवासी जमात. १९३५ मध्ये तर असा नियमच झाला की, कोठेही आग दिसली तरी ती दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत आटोक्यात आणली पाहिजे. १९४४ पासून टोपी घातलेले ‘स्मोकी’ नावाचे अस्वल भित्तिचित्रांवरून मुलांना वणवे टाळण्याचा उपदेश करू लागले.

हे सर्व सद्‌हेतूने केले गेले. आणि वरवर पाहता यशही मिळत होते, कारण आगी खरोखरच कमी झाल्या. पण पडलेली पाने, काटक्या, मेलेली खोडे यांचे काय? थंड आणि उन्हाळ्यात कोरड्या असणाऱ्या त्या हवेत पाचोळा फार सावकाश कुजतो. पूर्वी आग तो दर काही वर्षांनी खाऊन टाकी. आता तो साचत गेला. भरीला सावलीत वाढणाऱ्या फर वृक्षांची दाटी झाली. जमिनीवरच्या ज्वाळेला मोठ्या झाडाच्या शेंड्यापर्यंत चढायला ही मध्यम उंचीची झाडे म्हणजे शिडीच. प्रत्येक विझवलेली आग पुढच्या मोठ्या आगीसाठी सरपण रचून ठेवत होती.

झाडांनी लिहिलेली बखर

हे लक्षात यायला मॅरिपोसा ग्रोव्हमधील महावृक्ष कारणी लागले. सिकोया हे त्या वृक्षांचे नाव. खोडाच्या घनफळाच्या मानाने जगातले सर्वांत प्रचंड वृक्ष हेच. त्यांतल्या ‘ग्रिझली जायंट’ या वृक्षाचे वय सुमारे तीन हजार वर्षे मानले जाते. साल दोन फुटांपर्यंत जाड आणि तिच्यात राळ जवळजवळ नसते, म्हणून हलक्या आगीत हा वृक्ष सहज टिकतो.

१९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात रिचर्ड हार्टेसव्हेल्ट या संशोधकाने मॅरिपोसा ग्रोव्हचा अभ्यास सुरू केला. पर्यटकांच्या पायांखाली माती दबून वृक्षांना इजा होते का, हे त्यांना पाहायचे होते. पण त्यांना आढळले ते वेगळेच. राईत म्हातारे वृक्ष होते, पण कोवळी रोपे नव्हती. पर्यटकांपेक्षा आगीचा अभाव हे मोठे संकट होते.

कारण असे. सिकोयाची फळे कोंबडीच्या अंड्याएवढी असतात आणि झाडावरच वीस वीस वर्षे मिटून राहू शकतात. खालच्या आगीची ऊब वर पोहोचली की ती वाळून उघडतात आणि बिया झडतात. या बिया इतक्या हलक्या असतात की एका ग्रॅममध्ये सुमारे दोनशे भरतात. त्यांच्यात अन्नाचा साठा अगदी थोडा, त्यामुळे जाड पाचोळ्यावर पडल्या तर मूळ मातीपर्यंत पोहोचण्याआधीच रोप सुकते. त्यांना उघडी माती आणि ऊन हवे. आग एकाच वेळी तिन्ही कामे करते: फळे उघडते, पाचोळा हटवते, वरची दाटी विरळ करून ऊन आत सोडते. प्रयोगादाखल काही तुकडे जाळून पाहिल्यावर तेथे सिकोयाची असंख्य रोपे उगवली.

पूर्वी आगी खरोखर किती वेळा येत? याचे उत्तर झाडांनीच लिहून ठेवले होते. आगीने बुंध्याच्या एका भागातील जिवंत थर मेला, की पुढच्या वर्षांचे लाकूड त्या जखमेवर कडेने वळत येते. त्यामुळे जखम कोणत्या वर्षवलयात आहे ते पाहून आगीचे साल सांगता येते. ॲरिझोना विद्यापीठाचे टॉमस स्वेटनम यांनी मेलेल्या सिकोयांच्या बुंध्यांचे छेद तपासून १९९३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. आगी दर काही वर्षांनी येत होत्या असे त्यांत दिसते. त्यांतल्या काही विजेमुळे लागलेल्या आणि काही माणसांनी लावलेल्या. पण १८६० ते १८७० च्या सुमारास ही नोंद एकाएकी थांबते. आदिवासी हुसकले गेले, मेंढ्यांच्या कळपांनी गवत संपवले आणि पुढे आग विझवणारे आले. हजारो वर्षांच्या बखरीत एकाएकी कोरी पाने लागावीत तसे हे होते.

धोरण बदलते

१९६३ साली प्राणिशास्त्रज्ञ स्टार्कर लिओपोल्ड यांच्या अध्यक्षतेखालील समितीने राष्ट्रीय उद्यानांविषयी अहवाल दिला. त्यात आगीला उद्यानांच्या व्यवस्थापनात पुन्हा स्थान द्यावे, असे स्पष्ट सुचवले होते. त्याच काळात बर्कलीचे प्राध्यापक हॅरल्ड बिस्वेल शेतकरी, विद्यार्थी व अधिकारी यांना प्रत्यक्ष जाळून दाखवीत होते. लोक त्यांना थट्टेने ‘पलितेवाले हॅरी’ म्हणत. १९६८ मध्ये उद्यानसेवेने धोरण बदलले. योसेमिटीत १९७० पासून आणि मॅरिपोसा ग्रोव्हमध्ये १९७१ पासून ठरवून जाळणे सुरू झाले.

ठरवून जाळणे म्हणजे काडी ओढून मोकळे होणे नव्हे. आधी आराखडा करतात. वाऱ्याची दिशा व वेग, हवेतील आर्द्रता, पाचोळ्यातील ओल, उतार या सर्वांच्या मर्यादा ठरवतात आणि त्या जुळल्या तरच काम सुरू होते. जाळायच्या तुकड्याभोवती पाचोळा काढून पट्टा उघडा करतात. आपल्या वनखात्याच्या भाषेत ही जाळरेषाच. मोठ्या वृक्षांच्या बुंध्याभोवतालचे ढीग हाताने बाजूला करतात. मग शक्यतो वाऱ्याच्या विरुद्ध किंवा उताराच्या वरच्या अंगाने अरुंद पट्ट्यांत आग सोडतात, म्हणजे ती सावकाश, खाली मान घालून चालते.

हात पोळले तेव्हा

तरीही आग ही आगच. ४ मे २००० रोजी न्यू मेक्सिको राज्यातील बँडेलियर या संरक्षित ऐतिहासिक स्थळी लावलेली आग हाताबाहेर गेली आणि लॉस ॲलामॉस शहरात शिरली. चारशेहून अधिक कुटुंबे बेघर झाली. २०२२ मध्ये त्याच राज्यात ठरवून लावलेल्या दोन आगी निसटल्या. त्यांपैकी एक तर जानेवारीत पेटवलेल्या ढिगाऱ्यांतून एप्रिलपर्यंत आत धुमसत राहिली होती. दोन्ही एकत्र होऊन सुमारे ३ लाख ४१ हजार एकर प्रदेश जळाला. त्या राज्याच्या नोंदींतला तो सर्वांत मोठा वणवा. ज्यांची घरे गेली त्यांना ‘तत्त्वतः पद्धत बरोबर आहे’ असे सांगून काय उपयोग?

पण न जाळण्याची किंमतही मोठी आहे. २०२० आणि २०२१ या दोन वर्षांतील वणव्यांत जगातल्या मोठ्या सिकोयांपैकी १३ ते १९ टक्के वृक्ष मेले, असा अंदाज आहे. ज्यांनी हजारो वर्षांत कितीतरी आगी पाहिल्या, तेच वृक्ष साठलेल्या सरपणामुळे आणि वाढत्या उष्णतेच्या दुष्काळामुळे उभे जळाले. ७ जुलै २०२२ रोजी मॅरिपोसा ग्रोव्हच्या खालच्या बाजूला आग लागली, तेव्हा म्हणूनच सर्वांचा जीव टांगणीला लागला. ग्रिझली जायंटभोवती पाण्याचे फवारे लावले गेले. पण राईत शिरल्यावर आग मंदावली. पन्नास वर्षे थोडे थोडे जाळल्यामुळे तिला खायला फारसे उरले नव्हते. ग्रिझली जायंट आजही उभा आहे.

आपल्याकडील धडा

ही चूक केवळ अमेरिकेत झाली असे नाही. १८६० च्या दशकात मध्य प्रांतातील बोरीच्या जंगलात पिअरसन या अधिकाऱ्याने आगबंदीचे काम सुरू केले आणि पुढे ते देशभर पसरले. पण १८९६ मध्ये ब्रह्मदेशातील स्लेड या वनाधिकाऱ्याने आगबंदीचा अतिरेक होत असून त्यामुळे सागाची नवी रोपे येत नाहीत, अशी तक्रार जाहीरपणे मांडली. बंगाल व आसामातील सालवनांत तोच अनुभव आला. आग थांबल्यावर खाली सदाहरित झाडोरा माजला आणि सालाची रोपे वाढेनात. अखेर वनखात्याने तेथे स्वतःच नियंत्रित जाळ सुरू केला. कोकणातही राबाच्या हक्कावरून १८८० च्या दशकात ठाणे-कुलाब्याचे शेतकरी आणि वनखाते यांच्यात मोठा वाद झाला होता.

याचा अर्थ दर उन्हाळ्यात सह्याद्रीत लागणारे वणवे चांगले, असा मात्र मुळीच नाही. सिकोयाला आग पचते, सदाहरित जंगलातल्या पातळ सालीच्या झाडांना ती पचत नाही. भर वैशाखात, वाऱ्यावर, कोणी न राखलेली आग उतारावर चढते, पक्ष्यांची घरटी जाळते आणि पहिल्या पावसात उघडी माती वाहून नेते. कोणते रान, कोणत्या ऋतूत, किती वर्षांनी आणि कोणाच्या देखरेखीखाली, हे चार प्रश्न विचारल्याशिवाय आगीला शत्रू म्हणता येत नाही आणि मित्रही म्हणता येत नाही.

कोणते साल जपायचे?

शेवटी इतिहासाच्या तासाला विचारण्याजोगा एक प्रश्न. योसेमिटीचे ‘मूळ’ रूप कोणते? १८६४ चे, कायदा झाला तेव्हाचे? १८५१ च्या आधीचे, आवानीचींच्या काळचे? की माणूसच तेथे नव्हता तेव्हाचे? किल्ल्याचा तट एका ठरावीक साली बांधून पुरा होतो. रान कधीच पुरे होत नाही. म्हणून रानाचे एखादे चित्र जपता येत नाही, ते चित्र ज्या कामाने घडले ते काम चालू ठेवावे लागते. आणि ते काम ज्यांना ठाऊक होते त्यांनाच हाकलून दिले, तर ज्ञान परत मिळवायला शंभर वर्षे जातात.

वर्गात एक उपक्रम करता येईल. गावातला डोंगर, गायरान, नदीकाठ यांची जुनी छायाचित्रे विद्यार्थ्यांना शोधायला सांगावे. लग्नाच्या, जत्रेच्या फोटोंतही मागे डोंगर दिसतो. त्याच जागी उभे राहून आजचे दृश्य काढावे किंवा रेखाटावे आणि काय वाढले, काय कमी झाले याची यादी करावी. मग ती यादी घेऊन गावातल्या सत्तरीच्या आजी-आजोबांकडे जावे. कुरण कोण राखत असे, कोठे केव्हा जाळत, केव्हा जाळू देत नसत, हे त्यांना विचारून लिहून घ्यावे. क्लार्क यांचे पत्र लिहिले गेले म्हणून उरले. तोतुयाचे बोलणे कोणीतरी टिपून ठेवले म्हणून आपल्याला कळले. आपल्या गावच्या तोतुया अजून आहेत, तोवर त्यांना विचारलेले बरे.